भुवई आणि पायरी : एका इंग्रजी शब्दाचा विचार

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या आमच्या वाचकांस ‘सुपरसिलियस’ हा शब्द अधूनमधून भेटला असेल. नित्याच्या बोलण्यात तो फारसा येत नाही. पण एखाद्या उमरावाचे, त्या उमरावाच्या खानसाम्याचे, किंवा गिऱ्हाइकाच्या कपड्यांवरून त्याची किंमत करणाऱ्या दुकानदाराचे वर्णन करावयाचे झाले म्हणजे इंग्रज लेखकास त्याची आठवण होते. आपल्याकडील भाषांतरकार अशा ठिकाणी ‘गर्विष्ठ’, ‘उद्धट’ किंवा ‘तुसडा’ यांपैकी जो शब्द हाताशी असेल तो ठेवून पुढे जातात. त्याने वाक्याचे काम भागते, अर्थाचे भागत नाही. शब्द एकच, आणि तोही विरळा; त्याच्यासाठी मासिकाची पाने कशास खर्ची घालावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या शब्दाने आणि त्याच्या एका भावंडाने दाखविलेला दोष आपल्या समाजात, विशेषतः आपल्या टीकावाङ्मयात, विपुल आहे. परंतु त्याला नेमके नाव नसल्यामुळे तो गुणांच्या पंक्तीस बसून जेवतो.

लॅटिन भाषेत ‘सुपरकिलियम’ म्हणजे भुवई. भुवई चढवून पाहण्याच्या लकबीवरून त्याच शब्दास तेथे ‘तोरा’ असाही अर्थ आला, आणि त्यावरून इंग्रजीने आपले विशेषण घेतले. या व्युत्पत्तीत शब्दाचे सर्व मर्म आहे. गर्विष्ठ मनुष्य स्वतःतच गढलेला असतो. समोर कोणी असो वा नसो, त्याचा गर्व चालूच राहतो. उद्धटास जीभ लागते. सुपरसिलियस मनुष्यास जीभ लागत नाही, पण समोर कोणीतरी लागते. तो पाहतो, भुवई किंचित वर जाते, आणि समोरच्याची किंमत ठरून जाते. शब्दाने झालेल्या अपमानास शब्दाने उत्तर देता येते; भुवईने केलेल्या अपमानाची दाद कोठे मागावी?

मराठीने हे काम भुवईकडे न सोपविता नाकाकडे सोपविले आहे. आपण नाक मुरडतो, आणि फारच झाले म्हणजे नाकाने कांदे सोलतो. भुवया उंचावल्या तर आपल्याकडे आश्चर्य वाटले असे समजतात. तथापि नाक मुरडणारा केवळ नावड दाखवितो. तो वरच्या पायरीवर उभा असतोच असे नाही. कारल्याची भाजी पाहून लहान मूलही नाक मुरडते. म्हणून इंग्रजी शब्दास जवळचा मराठी प्रतिशब्द सांगावयाचा तर आम्ही ‘चढेल’ हा सांगू. त्यात भुवई नसली तरी चढणे आहे, आणि तेवढ्याने अर्थाचा बहुतेक भाग हाती येतो.

आता त्याचे भावंड पाहू. ते आहे ‘कॉन्डिसेन्शन’. हा शब्द पुष्कळांस परिचयाचा आहे, परंतु त्याचा जुना अर्थ आता इंग्रजांसही विरळाच झाला आहे. मूळ धातूचा अर्थ खाली उतरणे, आणि उतरण्यातही कोणाच्या तरी जवळ येणे. डॉ. जॉन्सन याने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात श्रेष्ठ मनुष्याने आपखुशीने आपल्याहून लहानाच्या बरोबरीस येणे अशा आशयाचा अर्थ दिला आहे. त्यात निंदेचा लवलेश नाही. चौथ्या शतकातील ख्रिस्ती धर्माचार्य क्रिसोस्टम याने ईश्वर मानवी बुद्धीला पेलेल अशा रूपाने आपल्यापाशी येतो हे सांगताना याच जातीचा ग्रीक शब्द वापरला होता. म्हणजे जो शब्द एके काळी ईश्वराच्या दयेस लावीत, तोच आज कोणास लावला तर ती शिवी होते. हा पालट कसा झाला हे १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत उत्तम दिसते. तीतील मि. कॉलिन्स हा पाद्री आपली आश्रयदाती लेडी कॅथरिन हिच्या ‘कॉन्डिसेन्शन’ची मनोभावे स्तुती करीत असतो. तो शब्द जुन्या अर्थाने, पूर्ण श्रद्धेने उच्चारतो. वाचक मात्र हसतो. उंबरठ्यावर उभा असलेला शब्द अशा वेळी दोन्ही खोल्यांत दिसतो.

अर्थ का पालटला? आमच्या मते शब्द बिघडला नाही, शिडीवरची श्रद्धा गेली. माणसामाणसांत जन्मसिद्ध पायऱ्या आहेत असे सर्वांस वाटत होते तोवर वरचा खाली उतरला हे उपकाराचे होते. पायऱ्याच खोट्या ठरल्यावर उतरण्याचा आव तेवढा उरला. यातील घोटाळा असा की, पाय खाली येतो परंतु भुवई वरच राहते. सुपरसिलियस मनुष्य निदान प्रामाणिक असतो. तो उतरण्याचे सोंग करीत नाही. कॉन्डिसेन्शन करणारा उतरतो, हसतो, पाठीवर हात ठेवतो, आणि आपण किती पायऱ्या उतरलो हे समोरच्यास विसरू देत नाही.

आपल्या भाषेला ही कल्पना परकी नाही. ‘अवतार’ या शब्दाचा मूळ अर्थच खाली उतरणे असा आहे. रामानुजांच्या परंपरेत ईश्वराच्या गुणांत ‘सौशील्य’ हा एक गुण सांगितला आहे. थोराने लहानांत काहीही अंतर न ठेवता मिसळणे, असा त्याचा अर्थ आहे. महाराष्ट्रात तर हा विचार शास्त्रात न राहता घरोघरच्या कथांत उतरला. विठ्ठल जनाबाईबरोबर दळतो. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षे कावडीने पाणी भरतो, आणि तो कोण हे नाथांस कळत नाही. सर्व कथेचे सार आम्हांस या न कळण्यात दिसते. श्रीखंड्याने पहिल्याच दिवशी आपली ओळख सांगून नंतर पाणी भरले असते तर पाणी तेच राहिले असते; कथा मात्र मि. कॉलिन्सच्या उपयोगाची झाली असती.

अर्थाची घसरणही आपण पाहिली आहे. ‘शिष्ट’ म्हणजे सुशिक्षित, सदाचारी, ज्याचे वागणे प्रमाण मानावे असा. आज घरात ‘ती फार शिष्ट आहे’ असे कोणी म्हटले तर ती स्तुती असे कोणी समजत नाही. ‘मोठी मेहेरबानी झाली’ हे वाक्य तर आता सरळ अर्थाने उच्चारणेच कठीण आहे. म्हणजे हा दोष मराठी माणसाच्या कानास कळतो. मग त्यास नाम का नाही? आमचा तर्क असा आहे की, मराठीत हा दोष नामात राहत नाही. तो अव्ययांत आणि लहानसहान जोडशब्दांत राहतो. ‘त्या मानाने बरे लिहिले आहे’, ‘खेड्यातला असूनही’, ‘बायकांनीसुद्धा’, ‘आपल्या परीने’, ‘बिचारा धडपडतो’. ही वाक्ये वरवर स्तुतीची आहेत, आणि त्यांतील मुख्य शब्दांस कोणी नावे ठेवू शकणार नाही. परंतु ‘सुद्धा’ काढून पाहा, ‘असूनही’ काढून पाहा. स्तुती तशीच उभी राहते, भुवई मात्र खाली येते. टीकाकाराची नियत त्याच्या विशेषणांवरून न पारखता अव्ययांवरून पारखावी, असे आम्हांस वाटते.

याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. कल्याण सोडून आगगाडी पुणे-कर्जताकडे वळली म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे एकामागून एक लागतात. त्यांतील अंबरनाथ वयाने व कीर्तीने वडील, म्हणून तेथून आरंभ करू.

अंबरनाथचे शिवालय शिलाहार राजांच्या काळचे आहे. वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडात कोरलेल्या त्या मंदिराच्या बाह्यांगावर मूर्ती व नक्षी यांची दाटी आहे. पण गाभारा मंडपाहून बराच खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. असे शिल्प ज्यांनी कोरले ते कलावंत होते, याविषयी आज कोणास शंका येणार नाही. परंतु एके काळी ती अत्यंत सुशिक्षित माणसांस होती. सर जॉर्ज बर्डवुड हा १८३२ साली बेळगावास जन्मला, मुंबईत अनेक वर्षे राहिला, आणि हिंदी कारागिरांचा खरा कैवारी होता. १८८० साली त्याने हिंदुस्थानातील हस्तव्यवसायांवर जो ग्रंथ लिहिला त्यात विणकर, तांबट, सोनार, कुंभार यांची स्तुती मोठ्या आस्थेने केली आहे. आणि त्याच ग्रंथात त्याने असेही सांगितले की, शिल्प आणि चित्र या ललित कला म्हणून या देशास ठाऊकच नाहीत. कारागिरी आहे, कला नाही! ज्या मुंबई इलाख्यात अंबरनाथ होते आणि जेथून वेरूळ व अजिंठ्याची वाट जात होती त्याच इलाख्याच्या राजधानीत राहिलेल्या गृहस्थाचे हे मत.

यात द्वेष नाही, हे ध्यानात घ्यावे. द्वेष असता तर उत्तर देणे सोपे होते. येथे स्तुतीच भिंतीचे काम करते: तुमच्या हातास आम्ही इतके मानतो, मग तुमच्या कल्पनेविषयी काही बोललो तर राग कशाचा? पुढे १९१० साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सच्या सभेत, हॅवेल याच्या व्याख्यानानंतर, त्याच बर्डवुडने जावा बेटातील एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना चरबीच्या उकडलेल्या पुडिंगाशी केली. त्यावर इंग्लंडातीलच तेरा कलावंतांनी व टीकाकारांनी ‘टाइम्स’ पत्रात जाहीर निषेध केला. १९१० साली भुवई उघड वर गेली म्हणून लोक खवळले; परंतु १८८० सालच्या गोड पानांत ती तितकीच वर होती. तीस वर्षांत बर्डवुड बदलला नव्हता, त्याने हसणे तेवढे सोडले होते.

त्याच अंबरनाथच्या दगडावर दुसऱ्या तऱ्हेचे वर्तनही कोरलेले आहे. मंदिरातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला आणि त्याचे वर्ष शके ७८२ असे ठरविले. पंडित भगवानलाल इंद्रजी हे भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले विद्वान. मूळचे जुनागढचे, इंग्रजी त्यांस फारसे अवगत नव्हते. त्यांनी तोच लेख पुन्हा वाचून वर्ष ७८२ नसून ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आहे, असे दाखविले. शिष्याने गुरूची दोनशे वर्षांची चूक काढली. यात गुरूचा अपमान झाला असे कोणास वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. जो अंक चुकला तो चुकला, असे सांगणे हे बरोबरीच्या माणसाशी बोलणे आहे. ‘डॉक्टरसाहेब वैद्य असूनही शिलालेख बरे वाचतात’ असे जर पंडितजी म्हणाले असते, तर ती स्तुती त्या दुरुस्तीहून कितीतरी अधिक बोचली असती.

अंबरनाथहून मागे एकच पाऊल टाकले की उल्हासनगर लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे तिच्या बराकींत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून वस्तीस जवळच्या उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. आलेल्या लोकांस मराठी वृत्तपत्रे ‘निर्वासित’ म्हणत, हिंदी ‘शरणार्थी’. पहिला शब्द घर गेले एवढेच सांगतो. दुसरा आम्ही ते दिले असे सांगतो. सिंधी व पंजाबी लोकांनी त्यावर आपण शरणार्थी नसून ‘पुरुषार्थी’ आहोत असे उत्तर दिले. शब्दावरचे हे भांडण हौसेचे नव्हते. ज्याला शरणार्थी म्हटले त्याच्यापुढे यजमान कायमचा वरच्या पायरीवर राहतो; मग तो शरणार्थी दहा कारखान्यांचा धनी होवो.

पुढे तो खरोखरच कारखान्यांचा धनी झाला, आणि आपली स्तुती सुरू झाली. सिंधी मनुष्य मोठा उद्योगी, चिकाटीचा, सर्वस्व गमावूनही दुकान थाटणारा, असे मराठी घरांत नित्य ऐकू येते. त्याच्या जोडीला त्याच्या मालावरील ‘यू. एस. ए.’ या तीन अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगणारा प्रसिद्ध विनोदही येतो. आम्ही वाचकांस विचारतो, ही स्तुती आपण कोठे ऐकली आहे? कारागिरी आहे, कला नाही. उद्योग आहे, वाङ्मय नाही. बर्डवुडने अंबरनाथच्या पाथरवटास जे माप लावले तेच माप अंबरनाथच्या शेजारी आपण सिंधी माणसास लावीत आलो.

वस्तुस्थिती काय आहे? सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीच्या कॉलेजांतील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. सिंधी गद्याचा अग्रणी मिर्झा कलीच बेग हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा विद्यार्थी होता. शाह अब्दुल लतीफ या अठराव्या शतकातील कवीचा ‘रिसालो’ ट्रम्प नावाच्या जर्मन पंडिताने १८६६ साली लायप्झिग येथे छापविला. सचल सरमस्त आणि वेदान्तपर श्लोक रचणारा सामी हे त्याच्या मागून येणारे दोन थोर कवी. भारतात सिंधीचा समावेश घटनेच्या आठव्या परिशिष्टात १९६७ साली झाला. इतके असून शाह लतीफचे नाव किती मराठी ग्रंथसंग्रहांत सापडेल? लायप्झिगला जे १८६६ साली ठाऊक होते ते कल्याणपलीकडील बराकींत आपल्या शेजारी येऊन राहिले, आणि आपण त्याला कापडाचा भाव विचारला.

योगायोग असा की, शाह लतीफच्या काव्यात ज्या नायिका येतात त्यांतील मारुईची कथा आपल्या विषयाचीच आहे. उमर राजा तिला पळवून आपल्या गढीत ठेवतो. रेशमी वस्त्रे, दागिने, राणीपद देऊ करतो. राजाच्या दृष्टीने तो उतरला आहे, एका गुराखी मुलीसाठी! मारुई मात्र आपली जाडीभरडी लोकरीची लोई अंगावरून काढीत नाही. तिला वाळवंटातील आपली माणसे हवी असतात. अखेर राजास तिला परत पाठवावे लागते. जन्मभूमी सुटलेल्या सिंधी माणसांस ही कथा का प्रिय असावी हे सांगावयास नको. कृपा नाकारण्याचा अधिकार लहान मानलेल्या माणसास असतो, हे तीत एका कवीने अठराव्या शतकात सांगून ठेवले आहे.

हा अधिकार मराठीतही एकदा बजावला गेला. १८८५ साली पुण्यास भरावयाच्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण माधवराव रानड्यांकडून जोतीराव फुले यांस गेले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या पुस्तकांची जी थट्टा केली होती तीत भुवई उघड चढलेली होती. रानड्यांचे निमंत्रण त्या जातीचे नव्हते; ते सौजन्याचे होते. तरीही फुल्यांनी जाण्याचे नाकारले. ज्यांना सर्व माणसांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता, आणि ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापले गेले. रानड्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु फुल्यांनी हेतूची चौकशी केलीच नव्हती. त्यांनी पायरीची चौकशी केली. बसावयास जागा देण्यापूर्वी बैठक एका पातळीवर आहे काय, हा त्यांचा प्रश्न होता.

बदलापुराविषयी थोडेच लिहावयाचे आहे. येथे घोडे बदलीत म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, अशी लोकव्युत्पत्ती आहे. आज त्या गावात जुने मराठी ग्रंथ आणि नियतकालिके जपणारे ‘ग्रंथसखा’ वाचनालय आहे. मुंबईकर अभ्यासक त्याचा उल्लेख करतात तेव्हा ‘बदलापूरसारख्या ठिकाणीसुद्धा’ हे शब्द किती सहज येतात पाहावे. वाचनालय चांगले असेल तर ते चांगले आहे. रेल्वेच्या मैलांचा त्या चांगुलपणाशी संबंध नाही. या एका ‘सुद्धा’त दादर आणि बदलापूर यांमधील सर्व स्टेशने उभी असतात.

येथे एक आक्षेप येईल. अधिक जाणणाऱ्याने कमी जाणणाऱ्यास काही सांगूच नये काय? नवशिक्या कवीस उत्तेजन देणे, कष्टाने वर येणाऱ्याची परिस्थिती ध्यानात घेणे, हाही गुन्हाच ठरणार काय? तसे आम्हांस म्हणावयाचे नाही. ज्ञानात पायऱ्या असतात आणि त्या लपविणे ढोंग आहे. परिस्थिती सांगणेही अयोग्य नाही. चरित्रात ती अवश्य सांगावी. परंतु कृतीची किंमत करताना ती तराजूत घालू नये. ज्याच्या लिखाणातील दोष आपण दाखवीत नाही त्याला आपण लेखक मानलेलेच नसते. त्याला आपण दान दिलेले असते. याची परीक्षा सोपी आहे. आपण केलेल्या टीकेस समोरच्याने उलट उत्तर दिले तर आपणांस राग येतो की विचार सुचतो? बरोबरीने बोलणाऱ्यास उत्तराची अपेक्षाच असते. उपकार करणाऱ्यास उत्तर म्हणजे कृतघ्नपणा वाटतो.

शेवटी प्रतिशब्दाचा प्रश्न. ‘सुपरसिलियस’ला ‘चढेल’ हा शब्द आम्ही वर सुचविला आहे. ‘कॉन्डिसेन्शन’साठी नवा शब्द पाडण्याचे कारण नाही, ‘कृपाकटाक्ष’ हा जुना शब्द आहे. भक्ताच्या तोंडी तो पवित्र आहे, संसारी माणसाच्या तोंडी उपरोधिक. म्हणजे इंग्रजी शब्दाचे दोन्ही जन्म त्याच्या पोटात आहेत. शिवाय त्यात कृपाही आहे आणि डोळाही आहे, आणि भुवई डोळ्यापासून फार दूर नाही. टीकाकारांनी हा शब्द जवळ ठेवावा आणि प्रथम आपल्याच लेखणीवर लावून पाहावा. देवाच्या कृपाकटाक्षाची अपेक्षा करणे भक्तास शोभते; शेजाऱ्याला मात्र आपल्या कटाक्षाची गरज नसते. त्याचे पुस्तक उघडून वाचावे, आवडले तर तसे सांगावे, न आवडले तर कारणे द्यावी, आणि ‘सुद्धा’ गाळावा.